पस्तिशी ओलांडली? वेलकम, मास्टर!

ऑफिसात पस्तिशीचा माणूस अजून ‘यंग टॅलेंट’ असतो. अ‍ॅथलेटिक्समध्ये मात्र ३५ पूर्ण झाली, की तो ‘मास्टर’! बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये तर कहरच. तिथे मास्टर्सचे गट तिशीपासूनच सुरू होतात, दर पाच वर्षांना एक. आता आमच्या पेणमध्ये बर्फ दिसतो तो मासळीच्या पाटीत. म्हणून मी आपला पळतो.

रविवारी पहाटे पेणहून नागोठण्याला यायचं, तिथून भिसे खिंड चढून रोह्याला उतरायचं आणि स्टेशनवर चहा मारून गाडीने परत. पाच वर्षांचा नेम. वय ४२. या हिवाळ्यात घड्याळाने सांगितलं, खिंडीच्या चढाला गेल्या वर्षीपेक्षा दीड मिनिट जास्त लागलं. सॉलिड टेन्शन! बुटांना दोष दिला, थंडीला दिला, आदल्या रात्रीच्या पोपटीलाही दिला. संपलो का मी?

मग वाचायला बसलो. फंडा साधा आहे. जीव खाऊन पळताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, त्याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. हे आपलं इंजिन. तिशीनंतर बसून राहणाऱ्याचं ते दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी घटतं. नेटाने जोरदार सराव ठेवणाऱ्याचं त्याच्या जवळपास निम्म्याने. हृदयाचे कमाल ठोकेही वर्षाकाठी साधारण एकाने उतरतात. त्यावर इलाज नाही, कितीही पळा. झटपट आकसणारे स्नायुतंतू आधी बारीक होतात. म्हणून शेवटची जोरकस धाव आधी जाते, दम नंतर. स्कीवाल्यांची एक चैन असते. काठ्यांमुळे हातही राबतात आणि गुडघ्यांना दणके बसत नाहीत. आमच्या डांबरावर ती सोय कुठली?

आणि खरं सांगू? गुडघ्याच्या धास्तीने गेलं वर्षभर मी नुसता रमतगमत पळत होतो. चढावर जोर लावणं कधी सुटलं, कळलंच नाही. म्हणजे त्या दीड मिनिटातलं सगळंच काही वयाचं नव्हतं!

कॅनडाच्या एड व्हिटलॉकने २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. सराव कुठे? घराजवळच्या दफनभूमीत, तासन् तास फेऱ्या घालत. (जागेची निवड डेरिंगबाज!) सराव संथ असायचा, पण शर्यती भरपूर, वेग तिथे टिकला.

आता बुधवारी चार वेळा चढावर जोर लावतो आणि दोन दिवस आराम करतो. विशीत एक रात्रीची झोप पुरायची.

रोह्याच्या स्टेशनवर भेटणाऱ्या, साठी उलटलेल्या एका काकांना विचारलं, “काका, तुम्हाला खिंडीला किती वेळ लागतो?”

“वेळ? परतीची गाडी चुकत नाही ना, बस झालं!”

गेल्या रविवारी मी धापा टाकत माथ्यावर पोहोचलो, तेव्हा काका आधीच तिथे उभे होते. पाणी पीत.