नव्यांचा हात धरणारे सीनियर

प्रवेशाच्या फेऱ्या संपतात, फी भरली जाते, वसतिगृहाच्या खोलीत गादी आणि बादली येऊन पडते आणि आईवडील संध्याकाळच्या एसटीने परत जातात. बारावीपर्यंत ज्याच्या डब्यापासून क्लासच्या वेळेपर्यंत सगळे घरातली माणसे पाहत होती, तो मुलगा त्या रात्री पहिल्यांदाच एकटा असतो. मेसमध्ये जेवण किती वाजेपर्यंत मिळते, उशिरा प्रवेश मिळाल्यामुळे बुडालेले तास कसे भरून काढायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. विचारायचे तरी कोणाला? प्राध्यापकांची भीती वाटते आणि घरी फोन केला तर आई रात्रभर झोपणार नाही.

अशा वेळी दोनतीन वर्षांनी मोठा असलेला एखादा विद्यार्थी दार वाजवतो आणि विचारतो, ‘‘जेवलास का रे?’’ या एका प्रश्नाने पुष्कळ काही सोपे होऊन जाते. दुर्दैवाने आपल्याकडे रात्री दार वाजवणाऱ्या सीनियरची कीर्ती फारशी चांगली नाही.

रॅगिंगच्या सावलीतून

१९९६ मध्ये तामिळनाडूत अण्णामलै विद्यापीठात शिकणाऱ्या पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या अमन काचरूचा सीनियर विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नवे विनियम काढले.

या विनियमांतले प्रतिज्ञापत्र पालकांना आठवते, कारण त्यावर त्यांना सही करावी लागते. १८००-१८०-५५२२ हा तक्रारीचा क्रमांकही बऱ्याच जणांना माहीत असतो. पण त्यातच आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. प्रत्येक संस्थेने वर्षाच्या शेवटी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा ‘मेंटॉरिंग सेल’ तयार करावा, सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर असावा आणि अशा सहा मेंटॉरमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर असावा, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे ज्या सीनियरची भीती, त्याच्याच हाती नव्या मुलांची जबाबदारी. कल्पना धाडसी आहे आणि शहाणपणाचीही. सूचनाफलकावर मेंटॉरची यादी लावली की काम संपले, असे मानणाऱ्या संस्थेत मात्र तिचा काही उपयोग नाही. मुंबईच्या आयआयटीत असे विद्यार्थी अर्ज आणि मुलाखती घेऊन निवडले जातात, हे योग्यच आहे. केवळ हुशार मुलगा चांगला मेंटॉर होईलच असे नाही.

‘मेंटॉर’ हे मुळात एका माणसाचे नाव. होमरच्या ‘ओडिसी’त ट्रॉयच्या युद्धावर निघालेला राजा आपले घरदार या मित्रावर सोपवतो आणि पुढे त्याच्याच रूपात येऊन अथीना देवी तरुण राजपुत्राला मार्ग दाखवते.

शीट द्यायची की शिकवायची?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या ड्रॉइंगचे उदाहरण घ्या. जिथे शीट अजून हातानेच काढल्या जातात, तिथे ‘जीटी’ हा शब्द पहिल्या महिन्यातच कानावर पडतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची तयार शीट ठेवायची, तिच्यावर कोरा कागद आणि मग रेघेवर रेघ ओढत जायचे. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्युनियर शीट मागायला येतो. दिली की सीनियर देवमाणूस ठरतो. पण परीक्षेच्या दिवशी टेबलावर काच नसते आणि मुलाच्या नशिबी केटी येते.

इथेच मेंटॉरचा कस लागतो. शीट देणे दोन मिनिटांचे काम, समजावणे तासाभराचे. त्यातून स्वतःची परीक्षाही तोंडावर आलेली. तरीही जो मेंटॉर एक काडेपेटी टेबलावर ठेवून ‘समोरून बघ, आता वरून बघ’ असे म्हणतो आणि आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली का काढतात हे उलगडून दाखवतो, तो त्या मुलाला पुढच्या दहा शीटमधून सोडवतो. बटाटा सुरीने तिरका कापून दाखवला की घनाकृतीचा छेदही समजतो. आणि एक गंमत अशी, की समजावताना तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या ध्यानात येते की आपणही हे तेव्हा पाठच केले होते.

महाविद्यालयात नेतृत्व म्हटले की स्नेहसंमेलनाचा माइक आणि निवडणुकीचे पोस्टर डोळ्यांसमोर येते. इथे ना माइक, ना टाळ्या. सहा मुले सहा तऱ्हेची असतात. एक मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी व्याख्यान कळत नाही हे सांगायला लाजणारी. एक सतत फोन करणारा. एक ‘मला कोणाची गरज नाही’ म्हणणारा, त्याला खरोखरच काही दिवस मोकळे सोडावे लागते. ज्याचे उत्पन्नाचे किंवा जात पडताळणीचे प्रमाणपत्र अडले आहे, त्याला उपदेश नको असतो, महाडीबीटीच्या अर्जाची शेवटची तारीख हवी असते. सगळ्यांना एकाच भाषेत बोलून चालत नाही, हे ज्याला विसाव्या वर्षी उमगले त्याला नोकरीच्या मुलाखतीत नेतृत्वाचा प्रसंग विचारला तर तो रचून सांगावा लागत नाही.

काही मर्यादा मात्र पाळायलाच हव्यात. उसने पैसे देण्याघेण्यात पडू नये. ज्युनियरकडून जर्नल लिहून घेणे, चहा मागवणे हे प्रेमाने केले तरी रॅगिंगच्याच वाटेवरचे आहे. मुलीशी मेंटॉर म्हणून बोलायचे तर ग्रंथालयात किंवा कँटीनमध्ये, चारचौघांत. आणि तिने सांगितलेले मित्रांच्या गप्पांत जाता कामा नये.

गुपित राखण्याला एकच अपवाद आहे. एखादा मुलगा मेसमध्ये येईनासा झाला, दिवसभर झोपून राहू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला किंवा ‘जगून काय करायचे’ असे बोलला, तर ‘कोणाला सांगू नकोस’ हे त्याचे शब्द मानायचे नाहीत. त्याला एकटे न सोडता त्याच रात्री वॉर्डनला आणि समुपदेशकाला कळवायचे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही. मेंटॉर डॉक्टर नसतो आणि त्याने तसे होऊ पाहणे धोक्याचे आहे.

घरच्यांचा आक्षेप

‘तुझे शेवटचे वर्ष, दुसऱ्यांची पोरे कशाला सांभाळतोस?’ असे मेंटॉरच्या घरी हमखास विचारले जाते. आक्षेप अगदीच चुकीचा नाही, कारण काही मुले या कामात इतकी गुंततात की स्वतःचे विषय मागे राहतात. त्यावर उपाय म्हणजे वेळ ठरवणे. आठवड्यातून दोन संध्याकाळी भेट आणि एरवी तातडीचे असेल तरच फोन, असे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

नव्या मुलाच्या पालकांनीही दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला की गुणांच्या आधी एवढे विचारून पाहावे, की तुझा मेंटॉर कोण आणि तो शेवटचा कधी भेटला? उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर प्राचार्यांना पत्र लिहून विनियमातल्या मेंटॉरिंग सेलबद्दल विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.