मनगटावरची नाडी

दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाच्या प्रकृतीची जी पारख होते, ती त्या पाच-दहा मिनिटांपुरती असते. वर्षातील उरलेले दिवस आणि दिवसातील उरलेले तास वैद्यकाच्या दृष्टीआड जातात. रोग मात्र दवाखान्याची वेळ पाळत नाही. मध्यरात्री हृदयाची लय बिघडते, पहाटे रक्तातील साखर घसरते आणि सकाळी दहा वाजता तपासणी होते तेव्हा सारे यथास्थित असते. वर्गात दिवसभर उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकाला किंवा कचेरीत फायलींत मान घालून बसणाऱ्या कारकुनाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले जाते, ते बहुधा खरेच असते. परंतु ते त्या घटकेपुरते खरे असते. अंगावर बाळगण्याच्या आरोग्ययंत्रांचे महत्त्व नेमके येथे आहे.

रक्तदाबाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉक्टरांसमोर बसताच काहींचा रक्तदाब चढतो आणि घरी तो पूर्ववत होतो. उलट, काहींचा दवाखान्यात नेमका ठीक भरतो आणि एरवी वाढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा होय. दंडाला पट्टा बांधून चोवीस तास रक्तदाब नोंदवत राहिल्यास दोन्हींचा उलगडा होतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारणतः दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. तो उतरत नसेल तर हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. निद्रिस्त देहाची ही हकीकत दिवसा घेतलेल्या एका मोजणीतून कळणार कशी?

अडतीस किलोंचे ओझे

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील माँटाना राज्यातील हेलेना या गावी नॉर्मन हॉल्टर या भौतिकीच्या अभ्यासकाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख रेडिओलहरींद्वारे टिपून दाखवला. त्या पहिल्या यंत्राचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर वाहावे लागे. १९६१ मध्ये हॉल्टर यांनी या पद्धतीविषयीचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तोवर यंत्र पुष्कळच लहान झाले होते. आजही इस्पितळांत रुग्णाच्या छातीला तारा लावून चोवीस तासांची जी नोंद घेतात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाठीवरचे ते ओझे आता मनगटावर आले आहे. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि त्या चढउतारावरून यंत्र नाडी मोजते. दोन ठोक्यांमधील अंतर अनियमित होऊ लागले की ते सूचना देते.

ही सूचना कितपत विश्वसनीय असते? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲपल कंपनीच्या घड्याळावर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ४,१९,२९७ जणांनी भाग घेतला होता. नाडी अनियमित असल्याची सूचना त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्धा टक्का लोकांना मिळाली. सूचनेनंतर ज्या ४५० जणांच्या छातीवरील पट्टीतून हृदयाचा आलेख तपासता आला, त्यांतील ३४ टक्क्यांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ आढळले. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तेथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. उरलेल्यांच्या बाबतीत घड्याळ चुकलेच होते असे मात्र नव्हे, कारण हा विकार येतो आणि जातो. पट्टी लावलेल्या दिवसांत तो प्रकटला नसणे शक्य आहे. रोग्याला स्वतःला त्याची जाणीवही पुष्कळदा नसते.

नोंद म्हणजे उपचार नव्हे

तथापि, येथेच थांबल्यास अर्धे सत्य हाती लागेल. डेन्मार्कमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताचा धोका वाढलेल्या, सत्तर ते नव्वद वर्षे वयाच्या सुमारे सहा हजार लोकांपैकी एका गटाच्या छातीच्या त्वचेखाली हृदयाची सतत नोंद घेणारे लहान यंत्र बसवण्यात आले. इतरांची देखभाल नेहमीप्रमाणे झाली. यंत्र बसवलेल्या गटात हा विकार जवळजवळ तिप्पट लोकांत सापडला आणि रक्त पातळ ठेवणारी औषधेही अधिक जणांना दिली गेली. परंतु पक्षाघाताच्या प्रमाणात मात्र शास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरावी अशी घट झाली नाही. रोग अधिक सापडणे आणि रोगी अधिक वाचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्याचा धडा. काही क्षणांपुरत्या विकाराला आयुष्यभराचे औषध द्यावे काय, याचे उत्तर यंत्रापाशी नसते.

मग सतत नोंदीचा लाभ निश्चितपणे होतो कोठे? जेथे नोंद पाहून माणसाला काही करता येते तेथे. मधुमेह हे त्याचे उत्तम उदाहरण. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देण्यात आला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी उपयुक्त खरी, पण सरासरीत शिखरे आणि दऱ्या दोन्ही बुजून जातात. दंडावर चिकटवलेली चकती त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजते. इन्शुलिन घेणाऱ्याला तिच्यामुळे झोपेत साखर उतरत असल्याचा इशारा वेळीच मिळतो. कोणत्या जेवणानंतर साखर किती चढते, जेवणानंतरच्या चालण्याने ती किती उतरते, हे त्याला स्वतः पाहता येते. पथ्याचा उपदेश अशा रीतीने अनुभवाच्या कक्षेत येतो. मात्र त्वचेला छेद न देता साखर मोजल्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे, हेही विसरता कामा नये.

यंत्रामागचा माणूस

महाराष्ट्राने या विषयाचा एक पाठ करोनाच्या साथीत गिरवला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्यसेवक बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर गेले. धाप न लागताही ज्यांच्या रक्तातील प्राणवायू घटतो असे रोगी त्या काळात आढळत होते, आणि हे धोक्याचे लक्षण ते चिमुकले यंत्र दाखवू शकत होते. पण केवळ यंत्राने काय साधले असते? आकडा वाचणारा, त्याचा अर्थ सांगणारा आणि पुढच्या उपचारांची वाट दाखवणारा माणूस दाराशी आला, म्हणून त्या आकड्याला मोल आले.

त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासाने या यंत्राची मर्यादाही दाखवून दिली. प्राणवायू घटलेला असूनही ऑक्सिमीटरने तो पुरेसा दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला त्वचेचा रंग आड येतो. सावळ्या वर्णाच्या बहुसंख्य भारतीयांनी ही यंत्रे वापरताना ती कोणाच्या त्वचेवर पारखली गेली, हे विचारणे हा त्यांचा अधिकारच होय.

आणखी एक प्रश्न नोंदींच्या मालकीचा. झोप, नाडी, साखर ही माणसाची अत्यंत खाजगी माहिती. ती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडल्यास औषधाऐवजी शिक्षेचे साधन होऊ शकते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. परंतु संमतीच्या मजकुरावर न वाचताच मान्यतेची खूण करणाऱ्या नागरिकाचे रक्षण कोणताही कायदा एकट्याने करू शकत नाही.

म्हणून या यंत्रांचे स्वागत करावे, ते डोळसपणे. घड्याळाने काही दाखवले नाही म्हणून छातीतील कळ अंगावर काढणे हे जितके घातक, तितकेच प्रत्येक सूचनेने धास्तावून रात्र जागून काढणेही व्यर्थ. पंधरा दिवसांची नोंद घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणारा रोगी त्यांना पाच मिनिटांत जे सांगू शकेल, ते पूर्वी कोणालाच सांगता येत नव्हते. ही सोय ज्याला महागडे घड्याळ परवडते त्याच्यापुरती न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या रोग्यालाही, गरजेपुरती का होईना, मिळाली पाहिजे. आणि ती नोंद वाचायला तेथे डॉक्टरही असला पाहिजे. नाडी मनगटावर मोजली जाईल. पण ती मोजणी सार्थकी लागायची तर तिची दखल घेणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला असावेच लागते.