यकृतात पसरलेला स्तनकर्करोग : शस्त्रक्रियेचे स्थान

“गाठ दिसते आहे, तर कापून का टाकत नाहीत?” स्तनाचा कर्करोग यकृतात पसरल्याचे कळताच रुग्णाचे नातेवाईक हाच प्रश्न विचारतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून कार्य सांभाळतो. त्यामुळे शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती अनेकदा केलीही जाते. आतड्याचे रक्त प्रवेशिनी शिरेतून प्रथम यकृतातच येते, म्हणून रोग काही काळ तेथेच अडकून राहू शकतो. स्तनातील रक्त मात्र आधी हृदय व फुप्फुसांतून जाते आणि मग धमनीवाटे यकृतात पोहोचते. अर्थात यकृतातील गाठ ही बहुधा सर्व शरीरभर पसरलेल्या रोगाची एक खूण असते. म्हणूनच रसायनोपचार, संप्रेरकोपचार व लक्ष्यवेधी औषधे हाच मुख्य उपचार ठरतो.

तरीही फ्रान्समधील शल्यविशारद रेने आदाम व सहकाऱ्यांनी 2006 साली यकृतशस्त्रक्रिया झालेल्या 85 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांचे जीवितमान 37 टक्के होते. आकडा आशादायक आहे, परंतु या स्त्रिया निवडलेल्या होत्या: गाठी थोड्या, प्रकृती चांगली, औषधांना प्रतिसाद मिळालेला. त्या शस्त्रक्रियेमुळे जगल्या, की जगण्याची शक्यता अधिक असल्यामुळेच शस्त्रक्रियेस पात्र ठरल्या? संख्याशास्त्र शिकविणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात अवश्य वापरावे.

याचे उत्तर यादृच्छिक चाचणीच देऊ शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली दूरस्थ प्रसार झालेल्या 350 रुग्णांवर अशी चाचणी झाली. तीत स्तनातील मूळ गाठीवर स्थानिक उपचार केल्याने आयुष्य वाढले नाही (2015). प्रश्न यकृताचा नव्हता, हे खरे. पण “गाठ काढली म्हणजे आयुष्य वाढते” या समजुतीला त्याने धक्का दिला. मोजक्याच ठिकाणी पसरलेल्या रोगावर किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया करून पाहणाऱ्या 125 रुग्णांच्या अमेरिकन चाचणीतही (2022) रोगाची वाढ लांबली नाही.

यकृतातील गाठीचा तुकडा तपासणे मात्र उपयुक्त असते. मूळ गाठीतील ग्राहक आणि यकृतातील गाठीतील ग्राहक कधी कधी भिन्न निघतात, आणि मग औषधच बदलावे लागते.