बिळं मोजून खेकडे कळत नाहीत

आमच्या चिखलोलीत खारफुटी नाही. पण अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी वालधुनीतून उल्हास नदीत आणि पुढे खाडीतल्या खारफुटीत जातं. तिथल्या चिखलात इवले खेकडे राहतात. नराची एक नांगी अवाढव्य, खाण्याला निरुपयोगी, फक्त मादीला खुणावायला आणि भांडायला. बिळं भरपूर दिसली की लोक म्हणतात, प्रदूषणाने काही बिघडलेलं नाही. मला हे पटत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं ओहोटीबरोबर वाहून जातात, काही आठवडे पाण्यात तरंगत वाढतात आणि बऱ्याचदा दुसऱ्याच किनाऱ्यावर उतरतात. म्हणजे ही गर्दी बाहेरची असू शकते. म्हणून मी कवचाची रुंदी मोजतो, पोटाशी अंडी धरलेल्या माद्या शोधतो (त्या बहुधा बिळातच दडतात, मग कोपरापर्यंत हात चिखलात). मोठी मादी जास्त अंडी देते. वर्षभर लहानच खेकडे सापडले, तर ते वाढण्याआधीच मरताहेत का, हे तपासावं लागतं.