लेन्स लांब, पाय जागेवर!

४०० मिलिमीटरची लेन्स पहिल्यांदा हातात आली की वाटतं, आता एकही पक्षी सुटत नाही! बॉस, जरा गणित करू. चक्रवाक हे केशरी बदक साधारण ६५ सेंटिमीटर लांब. ४० मीटरवर बसलेला चक्रवाक क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात फ्रेमची जेमतेम पाव रुंदी भरतो. बाकी सगळं पाणी. मग पाय शिवशिवतात... अजून दहाच पावलं पुढे जाऊ या ना!

घोळ तिथेच होतो.

जुन्नर-आंबेगाव म्हणजे या छंदासाठी भन्नाट इलाका. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं याच पट्ट्यात : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पावसाळा सरला की पाणी हळूहळू उतरतं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि पाहुणे हजर. लडाख, मध्य आशिया अशा भागांतून हजारो मैल उडून आलेले हे चक्रवाक इथे खायला आणि दम खायला थांबतात. तुमच्या दहा पावलांसाठी त्यांना पुन्हा उडावं लागतं. एका सकाळी पाच फोटोग्राफर आले, तर पाचदा.

पक्षी आधी सांगतो हं! चरणं थांबतं, मान ताठ होते, चोच पाण्याकडे वळते. एवढं दिसलं की खाली बसायचं. मी तर काठावर एक जागा धरते आणि दोन तास हलत नाही. कंटाळा येतो, पाय आखडतात. पण न घाबरलेलं बदक चरत चरत स्वतःहून जवळ येतं, तो फोटो काही औरच असतो. उडताना टिपायचं तर शटर १/२००० च्या आसपास.

पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर, पोटावर झोपून फोटो काढणं हा या छंदातला सगळ्यात आवडता फंडा. जुन्नरमध्ये तो जपून. इथले बिबटे उसात राहतात, उसातच पिल्लं देतात आणि बऱ्याच ठिकाणी ऊस थेट पाण्यापर्यंत आलाय. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला आकाराने छोटा दिसतो. म्हणून अंधारात एकट्याने काठ गाठायचा नाही, उसाकडे पाठ करून बसायचं नाही. गावात आधी विचारा. रात्री कुठे काय दिसलं, हे चहाच्या टपरीवर बरोब्बर कळतं.

आंबेगावच्या टोकाला, आहुप्याच्या देवराईत मामला उलटा. पक्षी जवळ, पण उजेड गायब. आयएसओ चढवा, फोटोत दाणे येऊ द्या. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो. तो दिसावा म्हणून काही जण मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवतात. मला हे अजिबात पटत नाही. ऐन विणीच्या दिवसांत नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. घरट्याचं काम सोडून तो नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. फोटो झकास येतो, खरंय. घरट्याजवळ मात्र कॅमेरा नकोच. फांद्या बाजूला केल्या की कावळ्यांना आयतीच वाट दिसते.

धरणावर दहा वाजले की उन्हाने पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग लाखाची लेन्सही पिसांचा नुसता कापूस दाखवते. तेव्हा कॅमेरा बॅगेत आणि गाडी नारायणगावकडे. मासवडी-भाकरी मागवा. ती येईपर्यंत कार्डावरचे सातशे फोटो उडवायला वेळ मिळतोच!