नागलीची भाकरी आतड्यात पोचते तेव्हा

कसारा घाटाखालच्या पाड्यांवर, वरकस जमिनीच्या उतारावर पावसाळ्यात नागलीची आवणी होते. तिच्या भाकरीवर दुपारपर्यंत काम निभते, असा कष्टकऱ्यांचा अनुभव. त्याचे कारण आतड्यात शोधावे लागते.

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 67 ग्रॅम कर्बोदके आणि 11 ग्रॅम तंतू असतात. कर्बोदकांतला मोठा भाग स्टार्चचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांचा. अख्खी साखळी रक्तात शिरू शकत नाही. आधी लाळेतले आणि स्वादुपिंडाचे अमायलेज तिचे तुकडे करते, मग लहान आतड्याच्या अस्तरावरची विकरे शेवटचे सांधे तोडतात. सुटा झालेला ग्लुकोज सोडियमच्या जोरावर पेशीत जातो. कसाऱ्याला मागे बँकर इंजिने लागली की गाडी इगतपुरीचा चढ चढते, तसेच हे काम: पेशीत ग्लुकोज आधीच जास्त असला तरी सोडियम आणखी आत रेटतो. शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 साली प्रागमध्ये मांडली. जुलाबात जलसंजीवनी जीव वाचवते ती याच जोडीमुळे. मीठ-साखर आत शिरताना पाण्यालाही घेऊन जाते.

नागलीचे तपकिरी साल दाण्याला घट्ट चिकटलेले असते, म्हणून तेही पिठात दळले जाते. त्यातली पॉलिफिनॉल्स विकरांचा वेग कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र पीठ फार बारीक दळले आणि भरपूर पाण्यात शिजवले, तर स्टार्च विकरांच्या हाती लवकर लागतो. मधुमेह असलेल्याने नागली कितीही खावी, हा प्रचार म्हणूनच धोक्याचा आहे.

काही कर्बोदके तोडायला माणसाकडे विकरेच नाहीत. चीन-जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या समुद्री काकडी या प्राण्यात गंधकयुक्त, फ्युकोज या साखरेच्या फांद्या असलेली कर्बोदके असतात. आकाराने मोठी आणि ऋणभाराची असल्याने ती आतड्याच्या भिंतीतून सहज जात नाहीत. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन इंजेक्शननेच द्यावे लागते तेही याच कारणाने. तरी 2006 साली ब्राझीलच्या संशोधकांनी समुद्री काकडीतले हे द्रव्य उंदरांना तोंडावाटे दिले, तेव्हा रक्ताच्या गुठळ्या कमी झाल्या. म्हणजे थोडा अंश पार होत असावा.

नागलीचे तंतूही माणसाला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यातल्या काही भागाची आम्ले बनवतात. त्यातले ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन. सकाळच्या भाकरीचा हा वाटा त्यांना कित्येक तासांनी मिळतो.