पेनाचा रंग आणि मतदाराचे मन

मतपाहणीचा अंदाज चुकला की आपण प्रथम आकडेमोडीला दोष देतो. नमुना लहान होता, गावे नीट निवडली नव्हती, असे म्हणतो. हे दोष असतातही. परंतु ज्या देशात लोकशाही नुकती कोठे रुजू लागली आहे, तेथे चुकीचे मूळ पुष्कळदा विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामधल्या अविश्वासात असते.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वात १९७९ साली सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथून सँडिनिस्टा क्रांतिकारक सत्तेवर आले. पुढील दशक यादवी युद्धात होरपळले, आणि २५ फेब्रुवारी १९९० रोजी निवडणूक झाली. अध्यक्ष डॅनियल ओर्तेगा जिंकणार, असे अनेक पाहण्या सांगत होत्या. एका अमेरिकन पाहणीने तर त्यांना १६ टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात व्हियोलेता चामोरो यांना सुमारे ५५ टक्के मते पडली, ओर्तेगांना सुमारे ४१!

या निवडणुकीपूर्वी बिशॉपिंग व शूमन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. मुलाखती सुमारे ३००, प्रश्न तेच. फरक केवळ उत्तरे टिपण्याच्या पेनात. एक पेन सँडिनिस्टांच्या तांबड्या-काळ्या रंगाचे, दुसरे विरोधी आघाडीच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचे, तिसरे बिनचिन्हाचे. निळे-पांढरे पेन दिसले तेथे चामोरो पुढे, तांबडे-काळे दिसले तेथे ओर्तेगा. इतके अपेक्षितच म्हणावे. पण बिनचिन्हाच्या पेनासमोरही ओर्तेगाच पुढे राहिले! याचा अर्थ असा दिसतो की, स्वतःला तटस्थ म्हणविणारा पाहुणाही लोकांना सरकारचाच माणूस वाटत होता. अशा वेळी नमुना दसपट केला, तरी तीच भीती दसपट माणसांकडून गोळा होणार.

म्हणून प्रश्नकाची पारख आधी करावी लागते. तो कोणाच्या वतीने आला आहे, हे त्याने आरंभीच सांगावे. मताचा प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी चिठ्ठी द्यावी, आणि ती मतदाराने स्वतःच्या हाताने बंद पेटीत टाकावी. ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना सर्व पक्षांत प्रमाणशीर वाटून टाकण्याची काही ठिकाणी सवय आहे. मला ती धोक्याची वाटते, कारण गप्प राहणाऱ्यांत विरोधकच अधिक असू शकतात. आणि शक्य असेल तर काही घरी वेगळ्या प्रकारचे प्रश्नक पाठवून दोन्हीकडची उत्तरे ताडून पाहावीत.